फ्रीस्टाइल हे कशाचं नाव?

प्रश्न असा आला: हंगेरीचा झोल्तान हाल्माय पाय जवळजवळ न मारताच पोहायचा म्हणे. मग त्याला फ्रीस्टाइलचा विजेता कसं म्हणतात? आणि 'मुक्तशैली' हा मराठी शब्द बरोबर आहे का?

फ्रीस्टाइल हे शर्यतीचं नाव आहे, पोहण्याच्या पद्धतीचं नव्हे. कसंही पोहा, आधी पोहोचा, एवढाच त्याचा अर्थ. आज झाडून सगळे तिथे क्रॉलच मारतात (हात आळीपाळीने पाण्याबाहेर, पाय सतत वरखाली), कारण वेग त्यातच सर्वांत जास्त. त्यामुळे दोन्ही शब्द एकच वाटू लागले.

हाल्मायच्या काळी तसं नव्हतं. 1900 साली पॅरिस ऑलिंपिकला सीन नदीत 200 मीटरला तो दुसरा आला. पहिला आलेला ऑस्ट्रेलियाचा फ्रेडरिक लेन ट्रजन पद्धतीने पोहायचा: हात आळीपाळीने पाण्याबाहेर, पाय कात्रीसारखे. हाल्मायची सगळी मदार हातांवर. याच हातांनी त्याने 1904 साली सेंट लुइस ऑलिंपिकला कृत्रिम तळ्यात 50 आणि 100 यार्ड जिंकले. 50 यार्डांत तो पहिला की अमेरिकेचा स्कॉट लिअरी, यावर पंचांचं एकमत होईना. शेवटी दोघांना परत पाण्यात उतरवलं. हाल्माय 28 सेकंद, लिअरी 28.6!

100 यार्डांत त्याच्या मागे राहिलेल्या चार्ल्स डॅनियल्सने पुढे क्रॉल घोटला, हातांशी पायांच्या ठोक्यांचा मेळ बसवला आणि 1908 साली लंडन ऑलिंपिकला 100 मीटर 1 मिनिट 5.6 सेकंदांत मारून हाल्मायला दुसऱ्या क्रमांकावर ढकललं. पद्धती दोन, शर्यत एकच, फ्रीस्टाइल.

'मुक्तशैली' चूक नाही, पण त्यातल्या 'शैली'ने घोळ होतो. माझ्या मते शर्यतीला 'मुक्त शैलीची शर्यत' म्हणावं आणि पद्धतीला सरळ 'क्रॉल'. 'त्याला फ्रीस्टाइल छान येतं' हे बोलताना खपतं, लिहिताना टाळावं. कुस्तीतही हेच: खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला फ्रीस्टाइल गटात कांस्य मिळवलं, तिथे फ्रीस्टाइल म्हणजे कमरेखालीही पकडायची मुभा, एखादा ठरावीक डाव नव्हे. (बातम्यांतली 'फ्रीस्टाइल हाणामारी' मात्र मूळ अर्थाला अगदी धरून आहे.)

पोहण्यातल्या 'कसंही पोहा'ला अपवाद एकच. मेडलीमध्ये, म्हणजे चार टप्पे चार प्रकारांनी पोहायच्या शर्यतीत, फ्रीस्टाइलच्या टप्प्यात उरलेल्या तीन टप्प्यांच्या पद्धती (बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय) चालत नाहीत, बाकी काहीही चालतं.