नोकरी सोडून मालवणात पर्यटकांसाठी बोट सुरू करायची आहे. परवाने कोणते लागतात आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: पुण्यात नोकरी, आजोळ देवबागचं, गोव्यात एक जुनी फायबर बोट दोन मशिनांसकट (म्हणजे इंजिनांसकट) स्वस्तात मिळतेय, ती आणून डॉल्फिन दाखवायच्या फेऱ्या सुरू करायच्या आणि लायसनचं 'मागाहून बघू'. माझी बोट तारकर्लीच्या खाडीत चालते, म्हणून सांगतो. त्या बोटीचा इसार दिला नसेल तर थांबा.

आमच्या धंद्यात आधी बोट आणि मग कागद असा क्रम नसतो. बोट कशी हवी हे कागदच ठरवतात. पूर्वी १९१७ चा कायदा होता, आता इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ आहे. आपल्याकडे तो राबवतं महाराष्ट्र सागरी मंडळ, म्हणजे सगळे ज्याला मेरीटाईम बोर्ड म्हणतात ते. मालवणात त्यांचं बंदर कार्यालय आहे आणि वरचे प्रादेशिक बंदर अधिकारी बसतात वेंगुर्ल्याला. या कायद्याने बोटीला तीन गोष्टी लागतात: नोंदणी, सर्वे आणि विमा. चालवणाऱ्याचं लायसन त्याशिवाय वेगळं. आणि हे सगळं हातात असलं तरी अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी प्रवासी न्यायची परवानगी निराळी घ्यावी लागते. लोक इथेच फसतात. नोंदणी झाली म्हणजे धंद्याची परवानगी मिळाली असं धरून चालतात.

नव्या कायद्यात एक चांगलं झालं, एका राज्यात केलेली नोंदणी दुसऱ्या राज्यात चालते. त्यामुळे गोव्याची बोट आणताच येणार नाही असं नाही. पण ती नोंदलेली कशी आहे ते आधी बघा. स्वतःच्या हौसेसाठी म्हणून नोंदलेली बोट असेल तर तिच्यात तिकीट घेऊन माणसं बसवता येत नाहीत. मासेमारीची असेल तर मुळीच नाही. मच्छीमार बोटींची नोंदणी वेगळी, डिझेलवर मिळणारा परतावा वेगळा, आणि त्या बोटीत पर्यटक सापडले तर दोन्हीकडून अडचण. विकणाऱ्याकडून नोंदणीचं पुस्तक, शेवटच्या सर्वेचा दाखला, पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयाचा ना हरकत दाखला आणि बोटीचा नकाशा मागा. नकाशा नाही म्हणाला तर तिथेच नमस्कार करून परत या. बोट ज्या नकाशावर बांधली तो नसेल तर सर्वेअर किती माणसं लिहून देणार ते सांगता येत नाही, आणि तुमचा सगळा हिशोब त्या एका आकड्यावर उभा आहे.

सर्वे म्हणजे नुसता शिक्का नव्हे. सर्वेअर बोटीवर आला की सगळ्यात आधी लाईफ जॅकेटांचा ढीग काढायला लावतो. एकेक उचलून पट्टा ओढून बघणार, बक्कल लागतं का, शिट्टी आहे का, चमकणारी पट्टी शाबूत आहे का. उन्हात वर्षभर लोंबकळलेली जॅकेटं बाजूला फेकली जातात. लहान मुलांच्या मापाची वेगळी विचारतो. मग लाईफ बॉय (बुडणाऱ्याकडे फेकायचं तरंगतं कडं), दोरी, आग विझवायचा सिलिंडर आणि त्याची तारीख, नांगर, पाणी उपसायचा पंप. मशीन सुरू करून त्याची लाल दोरी खेचायला सांगतो. हाताला बांधायची ती दोरी सुटली की मशीन जागेवर बंद पडलं पाहिजे. आणि बोट भरल्यावर तिची कड पाण्याच्या किती वर राहते ते बघतो. हे का, ते पहिल्या फेरीला कळेल. "तो बघा डॉल्फिन!" म्हटलं की अख्खी बोट एका बाजूला धावते. प्रवाशांचा आकडा त्या क्षणासाठी असतो.

आकडा मिळाला की तो मोडू नका. सीझनला रोज कोणीतरी म्हणणार, "दादा, दोन माणसं जास्त झाली तर काय होतंय? लहान मूल तर मांडीवर बसेल." मांडीवरचं मूलसुद्धा माणूसच मोजायचं. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कुबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. तारीख लक्षात ठेवा. आपल्याकडे पर्यटनाच्या बोटी २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात, आणि शेवटच्या आठवड्यात समुद्र बदललेला असतो पण किनाऱ्यावर गर्दी वर्षातली सगळ्यात जास्त असते. मुंबईत १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, त्यानंतर जॅकेटांची तपासणी सगळीकडेच कडक झाली. पर्यटक कुरकुरतात, फोटो चांगला येत नाही म्हणतात. जॅकेट घातल्याशिवाय मी दोरी सोडत नाही, एवढंच सांगायचं आणि हसायचं.

आता चालवणार कोण? तुम्हाला स्वतः हाकायची असेल तर सारंगाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाचं, लायसन काढावं लागेल. त्यासाठी बोटीवर काम केल्याचा अनुभव लागतो, डोळे तपासतात (लाल-हिरवा ओळखता आला पाहिजे, नाहीतर रात्रीचे दिवे काय समजणार) आणि परीक्षेत समोरून बोट आली तर कोणत्या अंगाने जायचं, बोया (पाण्यातली तरंगती खूण) कोणता कुठल्या बाजूला ठेवायचा, असलं विचारतात. पुण्यात बसून हे होणार नाही. सुरुवातीला लायसन असलेला सारंग पगारावर ठेवा आणि तुम्ही त्याच्या हाताखाली खलाशी म्हणून बसा. गावात उत्तम हाकणारी पोरं पुष्कळ मिळतील, आमच्याकडे दहावीच्या आधी मशीन हातात येतं. पण लायसन नसलेला कितीही हुशार असला तरी अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. जेट स्की, बनाना राईड, पॅरासेलिंग डोक्यात असेल तर ती परवानगी सर्वस्वी वेगळी. त्याला गोव्याच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्समधून पॉवरबोट आणि जीवरक्षकाचा कोर्स केलेली माणसं लागतात. प्रवासी बोटीवर ठेवायलाही असा माणूस मला आवडतो, बुडणाऱ्याला धरायचं कसं हे त्याला शिकवावं लागत नाही.

देवबाग म्हणालात म्हणून संगमाबद्दल. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथली वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असताना समोरून पश्चिमेचा वारा असला की मुखावर लाटा उभ्या राहतात, त्या वेळी भरलेली बोट बाहेर काढायची नाही, गिऱ्हाईक ओरडलं तरी. म्हणून डॉल्फिनच्या फेऱ्या सकाळच्या. पहाटे मतलई वारा जमिनीकडून असतो, समुद्र सपाट, आणि डॉल्फिनही दिसतात. दुपारनंतर वायव्येचा वारा चढतो. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तेव्हा ऑनलाईन बुकिंगवर 'रोज सकाळी ८ वाजता' असं छापून बसू नका. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर पाणी इतकं खाली जातं की बांधलेली बोट चिखलावर बसलेली सापडते. डॉल्फिन दिसल्यावर मशीन मंद करून लांबच राहायचं. वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहे. त्याच्या मागे बोट पळवणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय तो बुडी मारून निघून जातो आणि पैसे परत मागणारे तुमच्याकडेच येतात.

पैशाचं. कागदावर सीझन १ सप्टेंबर ते २५ मे, नऊ महिन्यांना थोडा कमी. खरी कमाई दिवाळी, नाताळ ते नवीन वर्ष, शनिवार-रविवार आणि एप्रिल-मे. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने. चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन पूर्ण वेगात तासाला पंधरा-सतरा लिटर पेट्रोल पितं, तुमच्या त्या बोटीला दोन आहेत. फोर-स्ट्रोक घ्यायला महाग पण पेट्रोलमध्ये भरून निघतं. रोज संध्याकाळी मशीन गोड्या पाण्याने धुतलं नाही तर मिठाने आतून खातं, आणि वाळूच्या पाण्यात चालवलं की पाणी खेचणारा इम्पेलर गेला समजा. तिकिटाचा हिशोब लावताना बोट निम्मी भरेल असं धरा. पर्यटनाच्या फेऱ्यांना साध्या फेरीबोटीसारखी जीएसटीची सूट नाही, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी करावी लागते. कर्ज घेणार असाल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन अनुदानाच्या योजना विचारा, एजंटाला पैसे देऊन नव्हे.

कुठल्याच अर्जावर नसलेली आणि तरी सगळ्यात जास्त लागणारी एक गोष्ट आहे. गाव. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या फेऱ्यांना मालवण जेटीवर होडीवाल्यांच्या पाळ्या ठरलेल्या आहेत, तिथे परस्पर माणसं भरायला जाऊ नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तेव्हा जाळ्याच्या आतून बोट काढायची नाही, लांबून वळसा घालायचा, दहा मिनिटं गेली तरी. जाळं फाटलं तर भरपाई द्यायची आणि वाद घालायचा नाही. आजोळ आहे ही तुमची खरी पुंजी आहे, पण मामांच्या नावावर ती एकदाच वापरता येईल.

तेव्हा यंदा बोट घेऊ नका. एप्रिल-मेच्या सुट्ट्या टाकून एखाद्याच्या बोटीवर पडेल ते काम करा. जूनमध्ये सगळ्या बोटी वर ओढून नारळाच्या झावळ्यांचे झाप घालून शाकारल्या की बंदर कार्यालयात निवांतपणा असतो, तेव्हा अर्ज, नकाशा, विमा यांची चौकशी करा. ऑगस्टच्या शेवटी जाल तर सगळ्या तालुक्याचे सर्वे एकदम निघालेले असतात आणि तुमचा नंबर नवरात्रात लागेल. आणि मामांना आत्ताच एक विचारून ठेवा, नदीकडच्या अंगाला पावसाळ्यात बोट ठेवण्यापुरती जागा आहे का. देवबागला ती विकत मिळत नाही आणि भाड्यानेही क्वचित.