आई ६८ वर्षांची, मधुमेह आहे, जळगावला राहते. नागिणीची लस द्यावी का?

द्या. मधुमेहात तर नक्कीच. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडलेला असतो, उतारवयात प्रतिकारशक्ती घटली की नागीण होऊन उठतो. पुरळ काही आठवड्यांत जातं. मागे राहणारी आग महिनोन्‌महिने छळते, लस मुख्यतः त्यासाठी.

शिंग्रिक्स या नागिणीच्या लसीचे २ डोस, दंडात, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने. त्यात जिवंत विषाणू नसतो. दोन-तीन दिवस दंड ठणकतो, कणकण येते. याला घाबरून दुसरा डोस बुडवू नका. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात लस पिशवीतून आणू नका: २ ते ८ अंश लागतं, आणि बर्फाला चिकटून गोठली तरी वाया.

नागीण उठलेलीच असेल तर लस नंतर. आधी ७२ तासांच्या आत विषाणूरोधक गोळ्या. गेरूचा लेप नि उतारा यात नेमके तेच तास जातात. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.