पिल्लाला कुठल्या लसी द्यायच्या?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पिल्लासाठी दवाखान्यात 'नाईन इन वन', म्हणजे एकाच सुईत नऊ घटकांची लस सुचवलीय आणि शेजारचे आबा म्हणतात, जतकडचं कारवान जातीचं कुत्रं काटक असतं, रेबीजची एक सुई बास. ऐकायचं कुणाचं, असं तू विचारलंस.

आबांना बिनलसीची कुत्री ठणठणीत दिसतात, कारण दिसतात ती वाचलेलीच. पार्व्हो या विषाणूनं रक्ताची हगवण लागून गेलेली पिल्लं कोण मोजतो? पार्व्हो, डिस्टेंपर (ताप आणि झटके आणणारा रोग) आणि हिपॅटायटिस (यकृताचा रोग) या तिन्हींची लस कुत्रं दारात राहो की घरात, द्यायचीच. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि आपल्या चपलेला लागून घरात येतो.

घोळ होतो तो डोसांत. आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण लसीलाही निकामी करतं, आणि ते कधी ओसरेल हे दर पिल्लागणिक वेगळं. म्हणून आता ८ आठवड्यांपासून सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी डोस द्यायचा आणि शेवटचा १६ आठवडे भरल्यावरच. दोन डोसांवर थांबणारेच पुढे 'लस देऊनही गेलं' म्हणतात. त्यानंतरचा डोस पिल्लू सहा महिने ते एक वर्षाचं असताना. पुढे या तिघांसाठी तीन वर्षांचं अंतर चालतं.

आता ते 'नाईन'. बाटलीवरचा आकडा वाढतो तो बहुतेक लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगाच्या) प्रकारांनी आणि कोरोनानं. कुत्र्यांचा हा कोरोना आपल्या कोविडपेक्षा वेगळा, त्याच्या लसीची शिफारस जागतिक मार्गदर्शनात नाही. लेप्टो मात्र तुझ्यासाठी महत्त्वाचा. तुझं घर भिलवडीत, २०१९ आणि २०२१ चा पूर तू पाहिलास, भोवती ऊस आणि उसात उंदीर. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून हा रोग कुत्र्याला होतो आणि माणसालाही. माणच्या माळावर राहत असतास तर मी इतका हट्ट धरला नसता. लेप्टोचे सुरुवातीला दोन डोस, मग दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी. डॉक्टरांना विचार, बाटलीत लेप्टोचे प्रकार किती? चार असतील तर उत्तम.

केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस पिल्लू कुत्र्यांच्या हॉस्टेलला ठेवणार असशील तरच. गोचीड तापावर आपल्याकडे लस नाही, तिथे गोचिडीच मारायच्या.

रेबीजची लस तीन महिने झाल्यावर, मग वर्षानं आणि पुढे आपल्याकडे दरवर्षी. यात काटकसर करायची नाही, लक्षणं दिसू लागली की इलाज उरत नाही. आणि लस दिलेलं असलं तरी ते कुणाला चावलं, तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्यानं धुऊन त्या माणसाला सरकारी दवाखान्यात न्यायचंच.

लस २ ते ८ अंशात ठेवलेली असावी. मेडिकलमधून विकत घेऊन खिशात घालून आणू नकोस. बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घे. ताप, जुलाब असतील तर डोस पुढे ढकल. सुईनंतर अर्धा तास तिथेच थांब, तोंड सुजलं तर लगेच दाखव.

डोस पुरे होईपर्यंत त्याला घाटावर किंवा बाजारात जमिनीवर सोडू नकोस, पण कोंडूनही ठेवू नकोस. कडेवर घेऊन स्टँडवरचा गोंगाट, ट्रॅक्टर, शाळेची पोरं सगळं दाखवून आण. हेच वय त्याची भीती मोडायचं आहे.

तुझे,
डॉक्टरकाका