परसातले प्रश्न : तयार खुराडं ठाण्याच्या पावसात टिकेल का?

प्रश्न (बाळकुम, ठाणे) : घरामागे १२ बाय १० फुटांची मोकळी जागा आहे. चार तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) पाळायच्या म्हणून तयार लाकडी खुराडं मागवलं. जाहिरातीत 'सहा कोंबड्यांसाठी' असं होतं. आतून मोजलं तर ४ बाय अडीच फूट आणि उंची ३ फूट भरते. पावसाळ्याआधी त्यात काय बदल करावेत?

उत्तर : रात्री झोपायला चार कोंबड्यांना ही जागा पुरेल, सहांना नाही. कोंबडीमागे अडीच चौरस फूट धरा. पण जुलैत पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही, तेव्हा याच्या जोडीला छपराखालची जाळीबंद मोकळी जागा हवीच. तिथे कोंबडीमागे १० चौरस फूट, म्हणजे ८ बाय ५ फूट. तुमच्या परसात हे आरामात बसतं.

अशी तयार खुराडी बहुधा थंड प्रदेशाच्या हिशेबाने बनलेली असतात : भिंती बंद, खिडकी वहीच्या पानाएवढी, ऊब आत राहावी म्हणून. आपल्याकडे थंडीचा त्रास नाहीच, आहे तो दमटपणाचा. विष्ठा ओली राहिली की अमोनिया सुटतो, कोंबड्यांचे डोळे पाणावतात, श्वास घरघरतो आणि मग रोगाला वाट मिळते. म्हणून पहिलं काम करवतीचं. समोरासमोरच्या दोन्ही लांब भिंतींचा वरचा ९ इंचांचा पट्टा कापून काढा आणि तिथे अर्धा इंच भोकांची वेल्डमेश (तारा एकमेकींना वेल्ड केलेली कडक जाळी) बसवा. बसायची दांडी तळापासून सव्वा फुटावर ठेवा. म्हणजे वाऱ्याचा झोत कोंबड्यांच्या डोक्यावरून जातो, अंगावर येत नाही. दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी घेऊन कडा घासून गोल करा. पीव्हीसी पाइप नको, त्यावर नखं घसरतात. चौघींना तीन फूट लांबी पुरते. दांडी खिळ्यांनी ठोकू नका, खाचेत नुसती बसवा. लाल गोचीड दिवसा तिच्या टोकांच्या फटीत लपते आणि रात्री रक्त पिते. दांडी काढून टोकं तपासता आली पाहिजेत.

अंड्याची पेटी १२ बाय १२ इंचांची, चौघींना एक पुरे. तिचा तळ दांडीपेक्षा खालीच हवा. कोंबडी झोपायला सगळ्यांत उंच जागा शोधते. पेटी वर असली तर ती तिथेच झोपते आणि सकाळी अंडी घाणीत मिळतात.

मूळ छपरावरचं डांबरी कापड आपल्या पावसात फार टिकत नाही. त्यावर ३ इंचांची फट सोडून पन्हाळी पत्रा टाका. फटीतून वारा खेळला की मे महिन्यातली पत्र्याची धग आत उतरत नाही. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला पत्रा दीड फूट बाहेर काढा, आणि दार पूर्वेला ठेवा. खुराड्याचे पाय जमिनीला टेकले की वाळवी लागलीच. विटांचे दीड-दोन फुटांचे चार खांब बांधा, वर शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्यावर पाय.

तळाला ३-४ इंच भाताचं तूस पसरा आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करा. मूठभर तूस दाबून सोडून पाहा : मोकळं पडलं तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे, ओला भाग काढून कोरडं घाला. नाक दांडीच्या उंचीवर नेऊन वासही घ्या, कोंबडी रात्रभर तीच हवा घेते.

आता घूस आणि मुंगूस. षटकोनी भोकांची 'कोंबडी जाळी' कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. मोकळ्या जागेलाही खालचे तीन फूट वेल्डमेशच लावा. ती स्टेपलने नाही, तर स्क्रू आणि वॉशरने. बाहेरच्या बाजूला दीड फूट जाळी जमिनीवर आडवी पसरून वर माती-दगड टाका. घूस भिंतीच्या कडेलाच उकरायला लागते, तिथे जाळी लागली की सोडून देते. दाराची लाकडी फिरकी काढून कडी लावा आणि कडीत स्प्रिंगचा हूक अडकवा. रात्री खाद्य आत ठेवू नका. खाद्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

प्रश्न (घणसोली, नवी मुंबई) : अंड्यांसाठी कोंबडा पाळावाच लागतो का? शेजाऱ्यांना आरवण्याचा त्रास नको.

उत्तर : अजिबात नाही. कोंबड्याशिवायही कोंबडी तितकीच अंडी देते; फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. पक्षी आणण्याआधी सोसायटीला आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयात मात्र लेखी विचारा.

प्रश्न (कळवा) : डिसेंबरात अंडी एकदम कमी झाली. खाद्य तेच आहे. रोग असेल का?

उत्तर : कोंबड्या नीट खात असतील, तुरा लाल असेल तर आधी उजेडाचा हिशेब करा. भरपूर अंड्यांसाठी दिवसाला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. पहाटे चारपासून उजाडेपर्यंत ५ वॉटचा एलईडी दिवा टायमरवर लावा. संध्याकाळी नको : दिवा अचानक विझला की कोंबड्या अंधारात दांडी न सापडता खालीच बसून राहतात. पिसं गळत असतील तर मात्र दिवा लावू नका. ती त्यांची विश्रांती आहे; नवी पिसं येईपर्यंत प्रथिनं नीट द्या आणि थांबा. तुरा फिका, मान वाकडी किंवा हिरवट हगवण दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा, आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कधी दिली होती तेही सांगा.