अपघात स्टॅम्प पेपरवर मिटवू का? नका मिटवू, आणि आरसी अजून मित्राच्या नावावर का, ते आधी सांगा

प्रश्न थोडक्यात असा: नऊ दिवसांपूर्वी नागपुरात मानेवाडा रिंग रोडवर तुमच्या कारची स्कूटीला धडक बसली आणि स्कूटीवाल्याचा पाय मोडला. कार सात महिन्यांपूर्वी मित्राकडून घेतलेली, पण आरसी आणि विमा अजून त्याच्याच नावावर. पोलिसांत नोंद नाही. जखमीचे नातेवाईक 40 हजारांत स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहेत. मिटवायचं का, आणि तुमच्या गाडीचा खर्च विम्यातून निघेल का?

गाडीच्या खर्चाचं आधी उरकतो. निघेल असं धरून चालू नका. विकल्यावर मित्राचा गाडीत काही हितसंबंध उरला नाही असं कंपनी म्हणणार, आणि तुमचा तर कंपनीशी करारच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 नुसार थर्ड पार्टीचा विमा (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा-नुकसानीचा) गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, स्वतःच्या नुकसानीचा येत नाही. त्यासाठी गाडी घेतल्यापासून 14 दिवसांत कंपनीकडे पॉलिसी नावावर करून मागायची असते. आता कोणीतरी सुचवेल की मित्राने ‘मीच चालवत होतो’ म्हणून क्लेम टाकावा. हे करू नका. उद्या फिर्यादीत चालक म्हणून तुमचं नाव येईल, क्लेम फॉर्मवर त्याचं, आणि दोघांनाही खोटेपणा निस्तरत बसावं लागेल.

तसंही हातात फार पडलं नसतं. प्लास्टिकच्या बंपरला 50 टक्के घसारा (भाग जुना म्हणून होणारी कपात), पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्याला 40 टक्के, रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा माल धरून त्यावर 50 टक्के, आणि वर 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1000 रुपयांची सक्तीची कपात. 6 हजारांचा बंपर, 4 हजारांचा फेंडर, 6 हजारांचं पेंटिंग, 3 हजारांची मजुरी, असं 19 हजारांचं बिल झालं तर कंपनीकडून 12,650 मिळतात. काचेला मात्र घसारा नाही.

आता मुख्य गोष्ट.

आमच्याकडे चौकाचौकात एक ‘भाऊ’ असतो. अपघात झाला की तो मधे पडतो, दोन्हीकडच्यांना टपरीवर चहा पाजतो, आकडा ठरवतो आणि सांगतो, ‘कोर्टकचेरीत काही ठेवलं नाही, इथंच मिटवा.’ या सल्ल्याने बिघडलेल्या इतक्या फाइली मी वाचल्या आहेत की तुमचा प्रश्न बघून गप्प बसवलं नाही. त्यातली कामठी रोडची एक सांगतो, तुम्हाला तुमचंच प्रकरण दिसेल.

जखमी 38 वर्षांचा. पहाटे कळमना मार्केटमधून भाजी उचलायची आणि हातगाडीवर विकायची हा धंदा. कारवाला भला माणूस. पळाला नाही, स्वतः उचलून खाजगी दवाखान्यात नेलं, भरती केलं. कॅज्युअल्टीत विचारलं, कसं लागलं? त्याने सांगितलं, ‘घरासमोर घसरून पडला.’ अपघात म्हटलं की एमएलसी (दवाखान्याने पोलिसांना कळवायची नोंद) होते, एमएलसी झाली की पोलीस येतात, एवढाच त्याचा हिशेब. केसपेपरवर ती ओळ उमटली आणि पुढची सगळी लढाई त्या एका ओळीशी झाली.

मग भाऊ आला. 25 हजार ठरले, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून झालं: ‘माझ्या वाहनाची धडक लागून अमुक जखमी झाले, आपसात समझोता झाला, पुढे काही तक्रार नाही.’ गाडीचा नंबर, तारीख, वेळ, दोन साक्षीदारांच्या सह्या.

सहाव्या आठवड्यात टाके पाझरायला लागले. हाडात जंतुसंसर्ग. रॉड काढला, दुसरं ऑपरेशन झालं, घरातलं होतं नव्हतं ते संपलं. 47व्या दिवशी बायकोने फिर्याद दिली. तोवर चौकातल्या दुकानांचं सीसीटीव्ही पुसलं गेलेलं, कारचा बंपर बदललेला, ब्रेकची तपासणी कशाची करणार? पुढे भरपाईचा दावा लागला, त्यात विमा कंपनीचा बचाव ठरलेला: अपघात झालाच नाही, पैशासाठी गाडी नंतर गोवली. उलटतपासणीत वकिलाने केसपेपर पुढे केला. ‘घसरून पडलो असं तुम्हीच सांगितलं ना?’ तो म्हणाला, ‘मी शुद्धीवर नव्हतो जी, सांगणारा वेगळा होता.’

फिर्यादीला उशीर झाला एवढ्यावरून दावा पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. पण उशीर अधिक ‘घसरून पडला’ ही जोडी मारक असते. दावा वाचला तो त्याच स्टॅम्प पेपरने. गाडीचा नंबर, तारीख आणि ‘माझ्या वाहनाची धडक’ ही कबुली, सगळं त्यात होतं. जोडीला गॅरेजचं त्याच आठवड्यातलं बिल सापडलं: पुढचा बंपर, डावा फेंडर. प्रकरण संपवायला केलेल्या कागदाने प्रकरण सिद्ध केलं.

आकडा बघा. महिना 15 हजार कमाई धरली, वर्षाचे 1,80,000. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के (सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या प्रणय सेठी निकालापासूनचा नियम), झाले 2,52,000. 36 ते 40 वयाला गुणक (वर्षाची कमाई किती पट धरायची तो आकडा) 15, म्हणजे 37,80,000. कमाईची क्षमता 20 टक्के घटली असं धरून 7,56,000. औषधपाणी, वेदना, बुडालेले दिवस, हे वेगळं. यातला 20 टक्क्यांचा आकडा डॉक्टरांच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरचा नसतो, हे पुष्कळ वकीलसुद्धा विसरतात. दाखला पायाचा असतो, भरपाई कमाईची. तोच पाय टेबलावर बसणाऱ्या कारकुनाचा असता तर टक्का बराच खाली आला असता. हातगाडी ढकलणाऱ्याचा पाय म्हणजे त्याचं दुकान.

रक्कम कंपनीने भरली. कारवाल्याचे 25 हजार मात्र गेले ते गेले, कारण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली, वचन किंवा पैसे द्यायचे नाहीत, अशी अट प्रत्येक मोटार पॉलिसीत छापलेली असते. तुमचे 40 हजारही याच अटीत अडकतात. शिवाय फौजदारी प्रकरण स्टॅम्प पेपरने संपत नाही. गंभीर दुखापतीचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम 125(ब), कोर्टाच्या परवानगीने मिटू शकतो; बेदरकार वाहन चालवण्याचा, कलम 281, आपसात मिटतच नाही. आणि ‘पुढे तक्रार नाही’ असं लिहून दिलेला माणूसही ट्रिब्युनलमध्ये (मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात ते न्यायाधिकरण) दावा टाकू शकतो. म्हणजे तुम्ही पैसेही द्याल आणि सही केलेला कबुलीजबाबही.

माझा एक गॅरेजवाला दोस्त यावर हमखास वाद घालतो. म्हणतो, केस केली की नो क्लेम बोनस जातो, चाळीस-पन्नास हजारांसाठी कशाला? त्याला दहादा सांगून झालं, आता इथे लिहून ठेवतो. नो क्लेम बोनस ही स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावरची सूट आहे, 20 टक्क्यांपासून 50 पर्यंत. जखमीने थर्ड पार्टीचा दावा लावला म्हणून ती जात नाही, स्वतःच्या गाडीसाठी क्लेम घेतला तर जाते. तुमच्या बाबतीत तर तो बोनस तुमचा नाहीच, मित्राचा आहे. बोनस माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. दोस्ताचं दुसरं म्हणणं, ‘कंपनी देऊन देऊन किती देणार?’ इजा आणि मृत्यूसाठी थर्ड पार्टी विम्याला कमाल मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला खाजगी कारवर साडेसात लाखांची आहे (हप्ता वाचवायला ती 6 हजारांवर आणून घेतली नसेल तर), आणि स्कूटीचा खर्च त्यात आरामात बसतो. ज्यासाठी वर्षानुवर्षं सक्तीचा हप्ता भरला तेच वापरायच्या दिवशी खिशात हात घालायचा, हे शहाणपण मला अजून कोणी समजावलेलं नाही.

आता करायचं काय. अपघाताची खबर 24 तासांत पोलिसांना द्यायची असते, ती मुदत टळली. तरी उद्या सकाळी जा. हद्द अजनीची की हुडकेश्वरची यात दिवस घालवू नका, चुकीच्या ठाण्यातही शून्य क्रमांकाने नोंद होते. लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. उशिराचं खरं कारण लिहा, ‘जखमीच्या उपचारात होतो’ वगैरे, खरं असेल तरच. गाडी दुरुस्त केली नसेल तर हात लावू नका. घटनास्थळाचा पंचनामा होईल, आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक ब्रेक-स्टिअरिंग तपासेल, मग गाडी सुपुर्दनाम्यावर (मागितली की हजर करीन अशा हमीवर) परत मिळते. तो अर्ज सहसा नोंदणीकृत मालकाला करावा लागतो, म्हणजे तिथेही मित्र लागणार. दुरुस्ती झाली असेल तर बिल आणि जुने फोटो फेकू नका.

त्याच दिवशी विमा कंपनीला पॉलिसी नंबर टाकून ईमेल करा: तारीख, वेळ, जागा, चालकाचं नाव, जखमीचं नाव, कोणत्या दवाखान्यात. चूक कोणाची यावर एक शब्दही नको.

1 एप्रिल 2022 पासून पोलिसांचं वेळापत्रक बांधलेलं आहे. 48 तासांत पहिला अपघात अहवाल, 50 दिवसांत अंतरिम, 90 दिवसांत सविस्तर अहवाल थेट ट्रिब्युनलकडे आणि कंपनीकडे. चालकाने फॉर्म 3 आणि मालकाने फॉर्म 4 हे 30 दिवसांत तपास अधिकाऱ्याला द्यायचे. ठाण्यात कोणी मागेल म्हणून वाट बघू नका, भरून न्या. लायसन्स, आरसी, पॉलिसी यांच्या प्रती जोडा. लायसन्स अपघाताच्या दिवशी चालू होतं की नाही हे सगळ्यात आधी तपासलं जातं.

जखमीला मदत करायची असेल तर अवश्य करा. पण रोख नातेवाइकांच्या हातात नको, दवाखान्याचं बिल दवाखान्यातच भरा, पावती ठेवा, आणि कंपनीला आधी ईमेल टाका की जबाबदारी मान्य न करता, माणुसकीच्या नात्याने भरतो आहे. केंद्र सरकारच्या 2025 च्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. तुमच्या प्रकरणात ते सात दिवस पोलिसांत न गेल्यामुळे वाया गेले.

आणि मिटवायचंच असेल तर तेही होतं, पण टपरीवर नाही. दावा दाखल झाला की राष्ट्रीय लोकअदालतीत कंपनीचा अधिकारी, जखमी आणि तुम्ही समोरासमोर बसता. तिथे ठरलेला आकडा कंपनी भरते आणि त्यावर अपील नसतं. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात त्या दिवशी अपघात दाव्यांना केवढी गर्दी असते, एकदा जाऊन बघा.

काही गोष्टी राहिल्या. त्या दिवशी तुम्ही प्यायलेले असाल किंवा लायसन्सची मुदत संपली असेल, तर वरचं चित्र बदलतं. कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करायला निघू शकते. पॉलिसीची तारीख तासासकट बघा. सात महिन्यांत नूतनीकरण मधे येऊन गेलं असेल आणि मित्राने ‘गाडी तर विकली’ म्हणून ते केलं नसेल, तर सगळा भार तुम्हा दोघांवर. जखमीला दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, त्या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे. तेव्हा सहा महिने झाले म्हणून तुम्ही सुटलात असं धरू नका. दावा अपघाताच्या जागीच लागतो असंही नाही, जखमी छिंदवाड्याचा असेल तर तो तिथल्या ट्रिब्युनलमध्येही टाकू शकतो. आणि मी लिहिलं ते खाजगी कारबद्दल. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याने चालणाऱ्या गाडीला परमिट आणि फिटनेसचे प्रश्न वेगळे.

आज रात्री एक करा, मित्राला फोन करा. विक्रीची नोंद आरटीओत झाली नसेल तर ज्याच्या नावावर आरसी तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात सांगितलं आहे. दाव्यात तुम्ही चालक म्हणून गैरअर्जदार (ज्याच्याविरुद्ध दावा तो) व्हाल, तो मालक म्हणून. मालकाची नोटीस त्याच्या घरी जाणार, आणि तुमच्या प्रश्नावरून वाटतं की त्याला अजून अपघात झाल्याचंच माहीत नाही.