‘नोकरी गेली’ हे इंग्रजीत कसं सांगू?

नोकरी गेलेली माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘मॅडम, मुलाखतीत आधीची नोकरी का सोडली विचारतात. इंग्रजीत काय सांगू?’ विचारणारे बहुतेक चाळिशीचे, मराठी शाळेत शिकलेले, कामात पक्के. काही जण तर स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे भरून, तिथं जमेना म्हणून येतात.

सुहास (नाव बदललंय) त्यांतलाच. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत, क्वालिटीत. लाइन बंद झाली, एचआरनं आख्ख्या टीमकडून राजीनामे लिहून घेतले. त्यानं वहीच्या एका पानावर शब्द उतरवून आणले होते: फायर्ड, टर्मिनेटेड, जॉबलेस, लेड ऑफ, बिट्वीन जॉब्ज. ‘फायर्ड’खाली दोन रेघा.

“यातला कुठला बरोबर?”

शब्दांचं उत्तर सोपं आहे, ते लगेच दिलं. तुमच्या चुकीमुळे काढलं तर ‘फायर्ड’. जागाच गेली तर ‘लेड ऑफ’. ब्रिटिश कंपनीत त्यालाच ‘मेड रिडंडंट’ म्हणतात. ‘टर्मिनेटेड’ पत्रात ठीक, तोंडी उगाच गुन्हा केल्यासारखं वाटतं. ‘बिट्वीन जॉब्ज’ लग्नाच्या पंगतीत चालेल, मुलाखतीत ती टाळाटाळ वाटते. (१९४७च्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात मात्र ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं काम थांबणं होतं, आणि कायमची कपात म्हणजे ‘रिट्रेंचमेंट’. पण बोलण्यात आता सगळीकडे लेड ऑफच चालतं.)

त्यानं सगळं लिहून घेतलं. चेहऱ्यावर काही फरक नाही.

“लाइनवर खराब निघून रिजेक्ट होणारा माल वाढला तर तुम्ही काय करता? इंग्रजीत सांगा.”

गेज, सॅम्पलिंग, रूट कॉज, ऑपरेटरचं ट्रेनिंग... व्याकरण मोडत, पण न अडखळता बोलत राहिला.

“आता नोकरी कशी गेली ते सांगा.”

गप्प.

“बरं, मराठीत सांगा.”

तरी गप्प.

“घरी कसं सांगितलंत?”

“बायकोला माहितीये. आईवडिलांना नाही. रोज साडेसातला डबा घेऊन निघतो. एका अभ्यासिकेत बसतो, एमपीएससीच्या पोरांत. पुस्तक उघडतो, पण दिवसभरात चार पानं होत नाहीत.”

इथं मला धागा सापडला. ते वाक्य त्यानं अजून कुठल्याच भाषेत नीट उच्चारलं नव्हतं, मग इंग्रजीत कुठून येणार? क्लासवाल्यांना हे दिसत नाही, कारण ते चूक व्याकरणात शोधतात. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली. घटना वेगळी, आणि घटनेवरून माणूस स्वतःला लावतो ते लेबल वेगळं, हे मी उगाळून उगाळून सांगते. लाइन बंद झाली ही घटना. ‘फायर्ड’खालच्या दोन रेघा हे लेबल.

चार पानांचंही सांगते. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावातली गिरणी बंद पडली तेव्हा मारी याहोडा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला. तो १९३३ साली छापून आला. वेळ भरपूर असूनही वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं, रस्त्यानं चालणारे पुरुष रेंगाळत होते. सुहासला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसला. “म्हणजे मी आळशी झालो नाहीये.”

गृहपाठ एकच दिला: वडिलांना सांगायचं, मराठीत, दोन वाक्यांत. त्याला ते मुलाखतीपेक्षा अवघड वाटलं. वडील मुंबईत गिरणी कामगार होते, १९८२च्या संपात गावी परतलेले. पुढच्या वेळी आला तो हसतच. “ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, हिशेब पुरता दिला का?”

मग इंग्रजी वाक्य त्यानंच केलं. ‘द लाइन वॉज शट डाउन, अँड अवर होल टीम वॉज आस्क्ड टू रिझाइन. आय वॉन्ट टू कंटिन्यू इन क्वालिटी.’ मी एका शब्दालाही हात लावला नाही. नोकरी लागायला पुढे बरेच महिने गेले, ते बाजाराच्या हातात. पण अभ्यासिका सुटली, आणि मुलाखतीत तो त्या प्रश्नावर अडला नाही.

तुम्हीही आधी घरातल्या कुणाला तरी मराठीत मोठ्यानं सांगा. मग इंग्रजीत: काय झालं, सध्या काय करताय, पुढे काय हवंय. तिथंच थांबा. ‘अनफॉर्च्युनेटली’नं सुरुवात नको, ‘सॉरी’ नको, जुन्या साहेबाचा उद्धार तर नकोच. पलीकडचा गप्प राहिला तरी ती शांतता भरू नका. लोक तिथंच नको ते बोलून बसतात.

कागदावर राजीनामा असेल तर लपवू नका: ‘अवर टीम वॉज कट अँड वी वेअर आस्क्ड टू रिझाइन.’ कागद आणि बोलणं जुळतं. आणि बायोडेटात शेवटची तारीख पुढे ढकलू नका. नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या नोंदीत असते, आणि पडताळणीत ती बघतात.