युरिक ॲसिडसाठी मटण सोड, पण दूध कशाला सोडतोस?

भाऊ, तू लिहिलंस ते असं: रेल्वेकडून कबड्डी खेळतोस, वजन ८७, घोटा दुखतो, तपासणीत युरिक ॲसिड वाढलेलं निघालं. विराट कोहलीचं वाचून मटण, अंडी, दूध सगळंच बंद करायचं म्हणतोस आणि घरचे म्हणतात, ताकद जाईल. माझं मत आधीच सांगतो. मटण बिनधास्त सोड, ताकद कुठेही जात नाही. पण युरिक ॲसिडसाठी दूध-दही सोडण्यात काही अर्थ नाही.

कोहलीचंच घे. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेत त्याच्या मानेच्या मणक्याचा त्रास उफाळला, करंगळीपर्यंत मुंग्या येत होत्या, युरिक ॲसिडही वाढलेलं होतं. त्यानंतर त्याने मांस सोडलं. २०२१ मध्ये जेवणात अंडी असतात असं त्याने सांगितलं आणि लोक तुटून पडले, तेव्हा त्याने स्पष्ट केलं की मी शाकाहारी आहे, व्हेगन (दूध-अंडीही न खाणारा) असल्याचं कधीच म्हटलं नाही. म्हणजे तू ज्याच्या भरवशावर अंडी सोडायला निघालास, तो अंडी खात होता.

प्युरीन नावाचा घटक शरीरात मोडला की युरिक ॲसिड तयार होतं. कलेजी, मटण, सुकी मासळी यांत तो भरपूर असतो. डाळी आणि पालकातही असतो, पण त्यांच्यामुळे गाऊटचा (युरिक ॲसिड साचून सांधे दुखण्याच्या आजाराचा) धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, म्हणून वरण सोडू नकोस. दुधातली प्रथिनं तर युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर टाकायला मदतच करतात. बियर आणि गोड कोल्ड्रिंक मात्र आजच बंद. संत्री अख्खी खा, रसाचे ग्लास नकोत.

आता तू न विचारलेली गोष्ट, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. कबड्डीच्या ८५ किलोच्या वजनमर्यादेत यायला स्पर्धेआधीच्या शेवटच्या दिवसांत उपाशी राहतोस का? पाणी तोडतोस का? उपासमार आणि पाण्याची कमतरता या दोन्हींनी युरिक ॲसिड चढतं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ कडे झुकलेला असताना, हे करणं म्हणजे मूत्रपिंडावर अत्याचार आहे. वजन आठवड्याला अर्धा किलोच्या बेताने उतरव. लघवीच्या गोळ्या तर चुकूनही घेऊ नकोस. त्यांनी युरिक ॲसिड वाढू शकतं आणि वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत त्या बंदी असलेल्या आहेत. गाऊटवरचं प्रोबेनेसिड हे औषधही त्याच यादीत आहे. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग की तुझी डोप टेस्ट होऊ शकते. आणि घोटा खरंच युरिक ॲसिडने दुखतोय का, हेही त्यांच्याकडून पक्कं करून घे. चढाईत अँकल होल्ड खाणाऱ्याचा घोटा लिगामेंटमुळेही दुखतो.

प्राण्यांविषयीच्या कळवळ्याने दूधही सोडायचं असेल, तर तो निर्णय मला मान्य आहे, फक्त तयारीने कर. तुझ्या वजनाला दिवसाला १३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं धर. आपल्या विदर्भात सोयाबीन पिकतं, त्याचा फायदा घे: ५० ग्रॅम कोरड्या सोयावडीत २६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२, मूठभर शेंगदाण्यांत ७-८. वर फुटाणे, मोड आलेली मटकी, ज्वारीची भाकर, पाटवडी. तर्री पोह्यातले चणेही चांगले, तर्री जरा बेताने. तरी कमी पडलं तर सोया किंवा वाटाण्याची पावडर घे, पण बॅचची तपासणी झालेलीच. भेसळीच्या डब्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

बी-१२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. गोळी लागेलच, किती ते डॉक्टर ठरवतील. इथे हयगय नको, कमतरता लांबली तर नसांना इजा होते. लोहासाठी फक्त हिमोग्लोबिन बघून थांबू नकोस, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपास. जेवणासोबत लिंबू किंवा संत्रं घे आणि चहा तासभर लांब ठेव, चहाने लोह कमी शोषलं जातं. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ, ओमेगा-३ साठी जवसाची चटणी, ती घरी असेलच.

हा बदल शिबिराच्या तोंडावर करू नकोस. एकदम डाळी-कडधान्यं वाढवलीस तर पोट फुगतं आणि त्या पोटाने मॅटवर चढाई होत नाही. स्पर्धा संपली की आधी मटण बंद कर, महिनाभराने अंडी, दूध शेवटी. सामन्याच्या सकाळी उसळ नको, साधा भात किंवा केळी पुरे.

या आठवड्यात युरिक ॲसिड, बी-१२, फेरिटिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) एकदम करून घे. आकडे आले की इथेच टाक, रोज काय खातोस तेही लिही, मग तुझ्या सरावाच्या वेळांप्रमाणे जेवण बसवू.